शेवटचा शब्द दोघांचा

मेव्हणा मोठा झाला की दाजी आपोआप बुटका होतो, हे ठेक्याला कुणी शिकवलं नव्हतं. ते त्याचं त्यालाच, रोज थोडं थोडं, कळत गेलं.

ठेका हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. शाळेत असताना हा मुलगा बाकावर, डब्याच्या झाकणावर, पुढच्या मुलाच्या पाठीवर, जे सापडेल त्यावर बोटं वाजवायचा. शिक्षक वैतागून म्हणायचे, "अरे, तुझा ठेका थांबव!" तेव्हापासून तो ठेका. त्याच वर्गात मागच्या बाकावर आणखी एक मुलगा होता. तो नुसता कुजबुजला तरी शेजारच्या वर्गातली मुलं वळून बघायची. तो तोफ. या दोघांची गट्टी जमली नसती तरच नवल. एक वाजवायचा, दुसरा बोलायचा. मोठे झाल्यावरही दोघांनी तेच केलं, फक्त बाकाच्या जागी माइक आला. तालावर शब्द फेकायचे, यमकावर यमक चढवायचं, गल्लीतल्या, घरातल्या, स्वतःच्या फजितीच्या गोष्टी सांगायच्या. लोक त्याला रॅप म्हणायचे. ठेक्याचे वडील त्याला बडबड म्हणायचे.

या जोडीची एक रीत होती, ती नीट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. तोफचा आवाज मोठा, पण दम छोटा. ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत त्याची हवा संपलेली असायची. म्हणून ओळ तोफने म्हणायची आणि ओळीतला शेवटचा शब्द ठेक्याने झेलायचा. तोफ तो शब्द जेमतेम सुरू करायचा, ठेका पूर्ण करायचा, आणि तेवढ्यात तोफ श्वास भरून पुढची ओळ सोडायचा. ऐकणाऱ्यांना वाटायचं, काय जोर आहे या माणसात! त्या जोरातला अर्धा उसना आहे, हे फक्त दोघांना ठाऊक. कार्यक्रम सुरू होण्याआधी ते एकमेकांच्या तळहातावर टाळी देऊन म्हणायचे, "शेवटचा शब्द दोघांचा."

पुढे ठेक्याने तोफच्या धाकट्या नाही, थोरल्या बहिणीशी लग्न केलं. लग्न छान झालं, पण त्याने एक गोष्ट बिघडवली. सासूबाईंनी मुलाला बजावलं, "आता तो तुझा मित्र नाही. ताईचा नवरा आहे. अरे-तुरे बंद!" तोफ आधी थट्टेत "दाजी, आपण बसावं, दाजी, आपण उठावं" असं करायचा. थट्टा करता करता जीभ वळली ती वळलीच. 'अरे'चं 'अहो' झालं, आणि दोघांच्या मध्ये एक खुर्ची कायमची रिकामी राहायला लागली.

मग एका कार्यक्रमानंतर गाण्यांच्या कंपनीतला एक माणूस भेटायला आला. गुळगुळीत बोलणारा. म्हणाला, "आम्हाला चेहरा एकच हवाय." हे बोलताना तो तोफकडे बघत होता. तोफने ठेक्याकडे बघितलं. ठेका म्हणाला, "जा."

एवढंच. नातेवाईक म्हणाले, केवढं मोठं मन! मन मोठं वगैरे काही नव्हतं. ठेक्याला वाटलं होतं, माझ्याशिवाय याची ओळ पुरी होत नाही, चार महिन्यांत हात हलवत परत येईल. तोफ परत आला, पण पोस्टरवरून. बसथांब्यावर, दुकानाच्या शटरवर, पुलाच्या खांबावर, जिथे बघावं तिथे तोफ.

ठेक्याने माइक खुंटीला टांगला आणि खुर्चीत बसून करायचं काम धरलं. कपडे धुण्याच्या दुकानामागची एक खोली भाड्याने घेतली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या. एका मोठ्या लाकडी कपाटातल्या फळ्या काढून आत माइक लावला, बाजूंना बायकोचे आणि स्वतःचे जाड कोट लटकवले, म्हणजे आवाज घुमत नाही. गाणारा माणूस कपाटात शिरायचा, दार लावायचं, आणि ठेका बाहेर बसून कानाला हेडफोन लावून ऐकायचा. नवखी पोरं लाजत यायची आणि कपाटातून गायक होऊन बाहेर पडायची. हळूहळू त्याचं नाव झालं. विशेषतः रिमिक्समध्ये.

त्याच्या मुलीने, चिमणीने, एकदा विचारलं होतं, "बाबा, रिमिक्स म्हणजे तुम्ही नक्की काय करता?"

"तुझा जुना स्वेटर उसवून आईने त्याच लोकरीची टोपी विणली ना? लोकर तीच, वस्तू नवी. तसं. गाण्याचे सगळे आवाज सुटे करायचे. ढोल वेगळा, तंतुवाद्य वेगळं, माणसाचा गळा वेगळा. मग त्यातूनच दुसरं गाणं विणायचं."

"मग टोपी कुणाची? ज्याचा स्वेटर होता त्याची, का विणली त्याची?"

मुलं कधी कधी असं बोट बरोबर दुखऱ्या जागी ठेवतात. ठेका म्हणाला, "गृहपाठ कर."

कारण टोपी नेहमी दुसऱ्याचीच असायची. गाण्यावर नाव गायकाचं, ठेक्याचं नाव सगळ्यात खाली, चष्मा लावूनही दिसणार नाही एवढं. त्याचं त्याला फार वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटायचं ते न्हाव्याच्या खुर्चीत. न्हावी मानेभोवती कापड गुंडाळता गुंडाळता हटकून विचारायचा, "तुम्ही तोफचे दाजी ना? काय माणूस आहे हो! केस कुठे कापतो?" चिमणीच्या शाळेत तो 'तोफ मामाचे ते'. सासूबाई फोनवर मुलाचं कौतुक पुरती पाच मिनिटं सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "तुमचंही बरं चाललंय ना?" त्या 'ही'मुळे ठेक्याला दिवसभर जेवण गोड लागायचं नाही. आणि सगळ्यावर कडी म्हणजे सकाळी न्हाणीघरातून येणारा आवाज. चिमणी अंगावर पाणी घेताना मामाची गाणी म्हणायची. बापाने एवढी गाणी सजवली, त्यातलं एकही कधी त्या बादलीपर्यंत पोचलं नव्हतं.

"त्या पोरीला गप्प अंघोळ करायला सांग," तो बायकोला म्हणायचा.

"पोटात दुखतं का?" बायको चहा गाळत विचारायची. "ओवा देऊ?"

असं सगळं चाललेलं असताना एके दिवशी कंपनीतल्या बाईंचा फोन आला. तोफचं नवं गाणं आलंय, त्याचं रिमिक्स हवंय. पाठोपाठ तोफचा फोन. "दाजी, तुम्हीच करा. दुसऱ्या कुणाला नको म्हणून मीच सांगितलंय."

"घरचं झालं थोडं, अन् मेव्हण्यानं धाडलं घोडं," ठेका फोन ठेवून म्हणाला. "बघितलंस? भीक घालतोय मला तुझा भाऊ."

"मग नाही म्हणा."

ठेका नाही म्हणाला नाही. खरं कारण त्याने बायकोला सांगितलं नाही, पण आपण समजून घेऊ. ज्याचा हेवा वाटतो, त्याचं घर आतून बघायला कुणाला आवडत नाही? गाणं सुटं होऊन येणार. तोफचा गळा, बाकी कसलंही पांघरूण नसलेला, आपल्या टेबलावर येणार. अशी संधी कोण सोडेल?

दुसऱ्या दिवशी चिमणी शाळेत गेल्यावर तो खोलीत गेला. भिंतीपलीकडे कपडे धुण्याची यंत्रं घरघरत होती. त्याने बाकीचे सगळे आवाज बंद केले आणि फक्त तोफचा गळा चालू केला.

*उंच चढलो, इतका उंच, दिसेना खालचं गा...*

*ओळखतात सगळे मला, मीच विसरलो ना...*

ठेक्याने हेडफोन कानांवर दाबले. पुन्हा लावलं.

*चपला राहिल्या पायथ्याशी, पाय म्हणतात धा...*

*दम म्हणतो, बस झालं रे, मांडू नको डा...*

प्रत्येक ओळीचं शेपूट गायब! गाव, नाव, धाव, डाव. शेवटचा शब्द नुसता सुरू होत होता आणि विझत होता. बाजारात आलेल्या गाण्यात हे कळत नव्हतं, कारण तिथे कंपनीवाल्यांनी भाड्याचे गळे आणून वरून थापले होते. ठेक्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. जगाला दणाणून सोडणारी तोफ, आणि बार असा फुसका!

"नाव मोठं, लक्षण खोटं," तो मोठ्याने म्हणाला. गाद्यांनी ते ऐकून घेतलं.

मग त्याने ठरवलं. रिमिक्स करायचं ते असंच. उघडं. भाड्याचे गळे काढून टाकायचे, वाद्यं काढून टाकायची, ठेवायचा फक्त तोफचा आवाज आणि मागे लाकडावर बोट वाजवल्यासारखा एक ठोका. लोक म्हणतील, वा, काय साधेपणा! आणि ऐकता ऐकता प्रत्येकाच्या लक्षात येईल की या माणसाला एक ओळ धड पुरी करता येत नाही. कुणी ठेक्याकडे बोटही दाखवू शकणार नाही. त्याने काय केलं? काही मिसळलं नाही, उलट काढलंच.

हेव्यासारखा कामसू गडी नाही. एरवी दुपारी डुलकी घेणारा ठेका त्या दिवशी चहालाही उठला नाही. त्याने तोफच्या ओळी एकामागोमाग एक लावल्या. या धंद्यात हाताला एक सवय लागते. दोन ओळींमधली रिकामी जागा दिसली की ती कापून टाकायची. तिथे काही नसतं, असलीच तर खुर्चीची करकर, घशातली खरखर. भाजी निवडताना आपण देठ मोडतो ना, तसं, न बघता. ठेक्यानेही न बघता सगळ्या रिकाम्या जागा कापल्या आणि ओळी एकमेकींना चिकटवल्या.

ऐकून बघितलं. तोफ बसमागे धावत सुटल्यासारखा वाटत होता. छान! पण ठेक्याचा पाय काही हलेना. हा पाय म्हणजे त्याचा सगळ्यात जुना परीक्षक. गाणं जमलं की टाच आपोआप वर-खाली व्हायची. आज ती फरशीला चिकटून बसली. त्याने ठोका पुढे सरकवला, मागे सरकवला, बदलला. गाणं लंगडतच राहिलं. आणि हे लंगडणं तोफचं नव्हतं, हे कारागिराच्या कानाला कळत होतं. असं गाणं बाहेर पडलं तर लोक तोफला हसायच्या आधी म्हणतील, रिमिक्स कुणी केलंय हो, कच्चं आहे. ते त्याला परवडणारं नव्हतं.

चडफडत त्याने कापलेल्या जागा परत आणल्या. सगळ्या, होत्या तशा. पुन्हा लावलं.

*उंच चढलो, इतका उंच, दिसेना खालचं गा...*

"गाव," ठेक्याचं तोंड म्हणालं.

त्याने म्हटलं नव्हतं. तोंडानेच म्हटलं होतं. टाच वर गेली आणि खाली आली.

*...मीच विसरलो ना...*

"नाव."

*...पाय म्हणतात धा...*

"धाव."

ठेक्याने गाणं थांबवलं. पलीकडे यंत्रातलं पाणी धो धो करत निघून गेलं. त्याने पडद्यावरच्या त्या रिकाम्या जागांकडे नीट बघितलं. त्या एकसारख्या होत्या. दम लागलेल्या माणसाचं अडखळणं कधी लांब असतं, कधी आखूड. या जागा मापून सोडल्यासारख्या होत्या, आणि माप होतं ठेक्याच्या आवाजाचं. तो शब्द जरा ओढून, शेवटाला किंचित खाली आणून म्हणायचा. जागा बरोबर तेवढीच होती, केसभर इकडे नाही, तिकडे नाही. आणि मघाशी त्याने स्वतःच्या हाताने तीच कचरा म्हणून कापून टाकली होती.

एवढं कळल्यावर माणसाचं मन निवळायला हवं, नाही का? ठेक्याचं नाही निवळलं. उलट त्याला एक नवीनच शंका आली, आणि तो घाईघाईने बाकीचे आवाज उघडायला लागला. कंपनीने आणलेले ते भाड्याचे गळे. एकेक सुटा करून ऐकला.

"गाव," एक पडसं झालेला माणूस म्हणाला.

"गाव," दुसरा म्हणाला, जांभई दाबत.

तिसरा तर ठोक्याच्या आधीच म्हणून मोकळा झाला होता, जणू घरी जायची घाई.

ठेक्याच्या अंगाची लाही लाही झाली. इतकी वर्षं तो तोफवर जळत होता. आता तो या बिनचेहऱ्याच्या, पडसं झालेल्या, जांभया देणाऱ्या लोकांवर जळायला लागला. आणि खरं सांगायचं तर हे जळणं आधीच्यापेक्षा कडक होतं.

घरी आल्यावर त्याने चपला काढल्या त्या भिरकावल्या.

"आता काय झालं?" बायकोने विचारलं.

"माझ्या जागेवर भलतेच लोक बसलेत."

तिला आधी कळलं नाही. मग त्याने सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, मग एवढंच म्हणाली, "ते बसले हे खरं. पण तुम्हीच उठला होतात ना तिथून?"

"तुझा भाऊ आहे म्हणून त्याची बाजू घेतेस."

"मी खुर्चीची बाजू घेतेय."

ठेका जास्तच चिडला. चिडलेल्या माणसाला जुना बेत सोडवत नाही. त्याने उघडं गाणं तसंच तयार ठेवलं. कापलेलं नाही, रिकाम्या जागांसकट. आता ते लंगडत नव्हतं. उलट भयंकर चांगलं झालं होतं. प्रत्येक ओळीनंतर एक खड्डा पडायचा आणि ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स व्हायचं. तोफची अब्रू जायला हे गाणं पुरेसं होतं. फक्त कंपनीच्या बाईंकडे पाठवायचं राहिलं होतं. ठेक्याने ते पाठवलं नाही. आधी तोफला बोलावलं. मारायचं तर समोर बघून मारावं, एवढी जुन्या मैत्रीची चाड त्याला होती. किंवा त्याला तोफचा चेहरा बघायचा होता. खरं कारण कुठलं, हे त्याने स्वतःलाही विचारलं नाही.

तोफ शनिवारी दुपारी आला. काळा चष्मा, पांढरेशुभ्र बूट. धुलाईच्या दुकानातल्या बाईने त्याला ओळखलं आणि हातातली ओली चादर खाली टाकली. बायको भावासाठी चहा घेऊन खोलीतच येऊन बसली.

"बारीक झालास रे," ती म्हणाली.

"तू दर वेळी तेच म्हणतेस, ताई. तू म्हणतेस तेवढा बारीक झालो असतो तर आता दिसलोच नसतो." तोफने चष्मा काढला. "काय दाजी, केलंत का माझं भलं?"

"ऐक," ठेका म्हणाला आणि बटण दाबलं.

लाकडावर बोट वाजलं. तोफचा आवाज खोलीत उभा राहिला, एकटा. *दिसेना खालचं गा...* आणि खड्डा. *मीच विसरलो ना...* पुन्हा खड्डा. ठेका तोफच्या तोंडाकडे बघत होता. एवढ्या वर्षांत इतकं टक लावून त्याने बायकोकडेही बघितलं नसेल. तोफचं हसू आधी ओठांवर थांबलं, मग गेलं. त्याने मान खाली घातली आणि पांढऱ्या बुटांकडे बघत शेवटपर्यंत ऐकलं.

"हे असंच पाठवणार?"

"असंच."

"बरं," तोफ म्हणाला. "पाठवा."

ठेक्याला वाटलं होतं तो भांडेल, कंपनीची धमकी देईल, गयावया करेल. 'बरं' म्हणेल असं वाटलं नव्हतं.

"बरं काय? लोक हसतील तुला."

"हसू देत. खोटं काय आहे त्यात? तोंडच मिटतं तिथे. मी मुद्दाम करत नाही. कंपनीने माणसं ठेवून बघितली. स्टेजवर एक जण उभा करतात माझ्याशेजारी. चांगला आहे बिचारा, पण माझा दम कुठे संपतो ते त्याला कळत नाही. परवा मी चुकून त्याच्याकडे वळून माइकवर म्हणालो, 'दाजी, झेला!' सगळं पब्लिक ओरडायला लागलं, 'दाजी, झेला! दाजी, झेला!' त्यांना वाटलं नवीन गाणं आहे."

बायको खुदकन हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. ठेका हसला नाही. हसू आलं होतं, पण त्याने ते गिळलं.

"मला तुझा हेवा वाटतो रे," तो एकदम म्हणाला. "सकाळी डोळे उघडल्यापासून वाटतो."

"माहितेय."

"कसं काय?"

"ताई सांगते ना. माझं पोस्टर दिसलं की तुम्ही रस्ता ओलांडता म्हणे. पलीकडेही असलं की मग मधून चालता."

ठेक्याने बायकोकडे बघितलं. ती कपाचा तळ बघत होती.

"मग हे काम मला कशाला दिलंस?"

"म्हणूनच दिलं. जे माझं कौतुक करतात ना, ते माझं गाणं नीट ऐकतच नाहीत. पहिल्या ओळीलाच वा वा करतात. मला वाटलं, ज्याला माझा एवढा राग येतो तो तरी शेवटपर्यंत ऐकेल." तो थांबला. मग खालच्या आवाजात, जुन्या आवाजात म्हणाला, "तू त्या दिवशी 'जा' म्हणालास. इतक्या चटकन म्हणालास, की मला वाटलं, तुलाच माझा कंटाळा आलाय."

'तू' हा शब्द खोलीत कितीतरी वर्षांनी आला होता. तो इतका अनोळखी वाटला की तिघंही क्षणभर त्याच्याकडेच बघत बसली.

"मला वाटलं तू परत येशील," ठेका म्हणाला. "तोंड पाडून."

"आलोय की. तोंड बघ, पुरेसं पडलंय का?"

ठेका उठला. हात रिकामे राहिले की त्याला नेहमीच अवघडल्यासारखं व्हायचं. तो कपाटापाशी गेला आणि दार उघडलं. हे कपाट त्याने स्वतः केलं होतं, माइक स्वतः लावला होता, पण त्यात तो स्वतः कधीच शिरला नव्हता. आत कोटांचा आणि इतरांच्या श्वासांचा कोंदट वास होता.

"लाव," तो आतून म्हणाला. "आणि ते हिरवं बटण दाब. लाल नको, लालने सगळं पुसलं जाईल. तुझं काही सांगता येत नाही."

तोफ ठेक्याच्या खुर्चीत बसला. बहिणीने भावाला हिरवं बटण दाखवलं. ठोका सुरू झाला.

*...दिसेना खालचं गा...*

"...आव," कपाटातून आलं, जरा ओढून, शेवटाला किंचित खाली येत.

*...मीच विसरलो ना...*

"...आव."

"दाजी, दुसरा उशिरा आला!"

"उशिरा नाही आला! तूच तोंड लवकर मिटलंस!"

"मी कधी मिटलं? हे तर आधीचं रेकॉर्डिंग आहे!"

"तेव्हाच लवकर मिटलंस!"

पुन्हा केलं. आणखी एकदा केलं. मग ठेका घामाघूम होऊन बाहेर आला, डोक्यावर कोटाची लोकर चिकटलेली, आणि खुर्चीसाठी मेव्हण्याला ढकलायला लागला. आता आवाज जुळवायचे होते. त्याने तोफचा आवाज होता तिथे ठेवला आणि स्वतःचा हळूच वर नेला. थोडा आणखी. मग थोडा आणखी. असं करता करता दाजीचे शेवटचे शब्द मेव्हण्याच्या आख्ख्या ओळीपेक्षा मोठे झाले.

"अहो," बायको म्हणाली.

"काय?"

"मला गाण्यातलं काही कळत नाही. पण एवढा मोठा 'गाव' कुठल्या नकाशात नसेल."

तोफ खो खो हसला. ठेक्याने तोंड वाकडं करून स्वतःचा आवाज खाली आणला, पार तळाशी नाही, पण माणूस शेजारी उभा आहे हे कळेल इतपत. ते उघडं गाणं, एकट्या तोफचं, त्याने तिथल्या तिथे पुसलं. पुसताना त्याला थोडी हळहळ वाटलीच, कारण ते खरोखर फार चांगलं झालं होतं.

रिमिक्स बाहेर पडलं. न्हावी ठेक्याला अजूनही तोफबद्दलच विचारायचा. पोस्टरवर तोफच होता, एकटा, चष्म्यासकट. ठेक्याने ते दुरून बघितलं, रस्ता ओलांडायला निघाला, मग थांबला आणि त्याच्या खालूनच पुढे गेला. पोटात दुखायचं थांबलं नव्हतं. पण आता निदान कुठे दुखतंय ते कळत होतं.

एके सकाळी तो दाढी करत होता. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ चिमणीचा. ठेक्याने सवयीने कपाळाला आठी घातली. आत बादलीवर बोटांचा ठोका पडला. मग ती मोठ्याने ओरडली, "गाव!"

मग नुसतंच पाणी.

"नाव!"

पुन्हा पाणी.

"धाव!... डाव!"

मधल्या ओळी तिला येतच नव्हत्या, किंवा त्यांची तिला गरज वाटत नव्हती. मामाची एकही ओळ नाही. नुसते शेवटचे शब्द, जरा ओढून, किंचित खाली आणत.

ठेक्याने अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवला, ओल्या हातांनी फोन शोधला आणि मेव्हण्याला लावला.

"कोण मेलंय का?" तोफ झोपेतून विचारत होता.

"कुणी नाही. गप्प राहा आणि ऐक," ठेका म्हणाला, आणि फोन न्हाणीघराच्या दाराला लावून धरला.